साथ आली की आधी काय विचारायचं?

बिहारमध्ये मुझफ्फरपूरला लिचीचा हंगाम आला की लहान मुलांना पहाटे झटके यायचे. रात्री धडधाकट झोपलेलं पोर पहाटे किंचाळून उठायचं, आकडी यायची, शुद्ध हरपायची आणि काही तासांत सगळं संपायचं. १९९५ पासून मे-जूनमध्ये हे घडत होतं. मेंदूज्वर समजून विषाणूचा शोध चालला होता. उष्मा, कीटकनाशकं, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. २०१४ च्या हंगामात राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेची सीडीसी यांच्या पथकानं तिथल्या दोन रुग्णालयांत ठाण मांडलं. २६ मे ते १७ जुलै या काळात ३९० मुलं दाखल झाली आणि त्यांतली १२२ दगावली. पथकानं १०४ आजारी मुलांच्या आणि त्याच रुग्णालयांत दुसऱ्या आजारांसाठी आलेल्या तितक्याच मुलांच्या घरच्यांपुढे एकच प्रश्नावली ठेवली. लिची खाल्ली का, हा प्रश्न तिच्यात होताच. त्याच्या जोडीला आणखी एक होता: काल रात्री मूल जेवलं होतं का?

उत्तर त्या जोडीत सापडलं. लिचीत हायपोग्लायसिन ए आणि एमसीपीजी ही दोन द्रव्यं असतात. उपाशी शरीराला स्वतःची साखर तयार करण्यापासून ती रोखतात. पोटभर जेवलेल्या मुलाला सहसा काही होत नाही. दिवसभर बागेत लिची खाऊन न जेवताच झोपलेल्या हाडकुळ्या मुलाच्या रक्तातली साखर मात्र पहाटेपर्यंत जीव जाईल इतकी खाली येते. पथकाच्या शिफारशी साध्या होत्या: मुलांना लिची कमी खाऊ द्या, रात्री जेवू घाला, दवाखान्यात आणल्याबरोबर साखर तपासून ग्लुकोज द्या. लिचीला किती दोष द्यायचा यावर पुढे वाद झाले. २०१९ मध्ये त्याच भागात पुन्हा शंभराहून जास्त मुलं गेली, कारण शिफारस झाली म्हणून गरिबाघरची रात्रीची चूल पेटत नाही. तरीही वीस वर्षं हुलकावणी देणारा आजार ज्या प्रश्नानं पकडीत आला तो जेवणाचा होता, आणि तो पहिल्या वर्षीही कुणाच्याही आईला विचारता आला असता.

साथीच्या तपासात माहिती गोळा करणं म्हणजे प्रयोगशाळेच्या आधीचं कारकुनी काम, असा समज सरकारी कचेऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे आहे. मला तो घातक वाटतो. यंत्र फक्त समोर ठेवलेल्या नमुन्याबद्दल बोलतं. कुणाचा नमुना, कशाचा, कोणत्या दिवशीचा आणि कशासाठी, हे दारात उभं राहून विचारलेल्या प्रश्नांवरून ठरतं. तिथं चूक झाली की पुढची सगळी यंत्रणा त्या चुकीची काटेकोर तपासणी करत बसते.

पथक गावात शिरतं तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक फोन आणि दोन-चार अफवा एवढंच असतं. आधी ठरवावं लागतं की रुग्ण कुणाला म्हणायचं. अमुक वस्तीत राहणारा, अमुक तारखेनंतर दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब झालेला माणूस, अशी व्याख्या लिहून काढल्याशिवाय मोजणी सुरू करता येत नाही. ती फार सैल ठेवली तर गावातलं नेहमीचं अपचनही साथीत जमा होतं, फार घट्ट केली तर सौम्य आजारी सुटतात, आणि आजार कुठून आला याचा धागा पुष्कळदा त्या सौम्य आजाऱ्यांकडेच असतो. म्हणून सुरुवातीला सैल ठेवायची आणि मग आवळत न्यायची. संशयित, संभाव्य, निश्चित असे कप्पे त्यासाठीच असतात. मग लाइन लिस्ट: एका माणसाला एक ओळ. वय, पत्ता, काम, पाणी कुठलं, कुठे जाऊन आला, त्रास कधी सुरू झाला, नमुना घेतला का, पुढे काय झालं. तारखांचा आलेख काढला की साथीची चाल दिसू लागते. एकाएकी चढून उतरलेला आलेख लग्नाच्या पंगतीकडे किंवा एखाद्या विहिरीकडे बोट दाखवतो. टप्प्याटप्प्यानं चढणारा आलेख सांगतो की आजार माणसाकडून माणसाकडे जातो आहे.

या सगळ्या रकान्यांत सर्वांत मोलाचा आणि सर्वांत लवकर बिघडणारा रकाना आहे त्रास सुरू झाल्याच्या तारखेचा. दवाखान्याच्या कागदावर दाखल झाल्याची तारीख असते. ती उतरवून घेतली की आलेख तीन-चार दिवस पुढे सरकतो आणि दोष भलत्याच पंगतीवर जातो. खरी तारीख घरातच मिळते, पण ती पंचांगातून काढावी लागते. ‘काकू, जुलाब कधी लागले?’ असं आशाताईनं, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेनं, विचारलं तर ‘झाले की आठ-दहा दिवस’ असं उत्तर येतं. ‘बाजाराच्या आधी की नंतर?’ विचारलं की काकू थांबतात. ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बघ. आणलेली मेथी निवडायलासुद्धा उठवेना मला.’ गावचा बाजार मंगळवारचा असेल तर बुधवार सापडला. संकष्टी, अमावास्या, कुणाचं तेरावं, लाइट गेली ती रात्र, असे खुंटे हाताशी ठेवून विचारणारी बाई कोणत्याही ॲपपेक्षा अचूक तारीख आणते.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा या रकान्याचं महत्त्व शहरानं जवळून पाहिलं. हा आजार एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. पायांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, अशक्तपणा वर चढत जातो आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक वेळा तो आधीच्या एखाद्या संसर्गाची उशिरा आलेली प्रतिक्रिया असते: जुलाब होऊन बरे झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी नसा दुखावतात. म्हणजे तपास करणाऱ्याला आजचा पाय बघून पंधरा दिवसांपूर्वीच्या पोटाबद्दल विचारायचं असतं. माणूस तोवर ते जुलाब विसरलेला असतो. आणि त्या वेळी प्यालेलं पाणी, खाल्लेलं पनीर, चिकन, कशाचाच मागमूस उरलेला नसतो.

पुण्याची दुसरी अडचण पत्त्याची. मोठी रुग्णालयं शहरात, तिथं सातारा-नगरपासून लोक येतात. रुग्णालयांची यादी पाहिली तर आजार शहरभर विखुरलेला भासतो. घरचे पत्ते नकाशावर मांडल्यावर सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा पट्टा उठून दिसला. महापालिकेत अलीकडे आलेली गावं, भराभर वाढलेली वस्ती आणि पाण्याची अपुरी व्यवस्था. घरोघर सर्वेक्षण झालं, विहिरीच्या, नळाच्या, टँकरच्या पाण्याचे नमुने घेतले गेले, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय, तर काहींत नोरोव्हायरस मिळाला. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. या साथीची चाहूल कुठल्याही पोर्टलवर आधी लागली नाही. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना एकाच आठवड्यात तसलेच इतके रुग्ण बघून खटकलं, म्हणून ती कळली. जीबीएस त्या वेळी सक्तीनं कळवायच्या आजारांत नव्हता. खटकणं हीसुद्धा माहितीच असते, आणि ती कळवायला एक फोन नंबर आणि पलीकडे फोन उचलणारा माणूस लागतो.

महाराष्ट्रात गावात काहीही झालं की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि बहुतेकदा तो खराही असतो. पण त्या सवयीचे दोन तोटे आहेत. पहिला असा, की जुलाबाची बातमी पसरताच ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल ही क्लोरीनची पावडर ओतते. ते करायलाच हवं, लोकांचा जीव आधी. मात्र पावडर टाकण्याआधी बाटलीभर पाणी काढून ठेवलं नाही, तर दोन दिवसांनी आलेल्या पथकाला क्लोरीन मोजणारी ओटी टेस्ट उत्तम मिळते, नमुना ‘पिण्यास योग्य’ येतो आणि साथीचं कारण कायमचं पुसलं जातं. आधी बाटली, मग पावडर, हा पाच मिनिटांचा क्रम जलसुरक्षकाला शिकवायला काही खर्च नाही. दुसरा तोटा बुलढाणा जिल्ह्यात दिसला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठीनं हातात येऊ लागले, तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. तपास पाण्यापासून सुरू झाला. पाण्यात दोष निघालेही, पण ते दोष तिथल्या पाण्यात आधीपासूनचे, मग केस आत्ताच का जावेत? विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ताटाकडे पाहिलं. रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त आणि रुग्णांच्या शरीरात झिंक कमी, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पाणी सगळे पीत होते. रेशनचा गहू कोण खात होतं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी लाइन लिस्टमध्ये असता तर कितीतरी दिवस वाचले असते.

तयार देशांतही असंच घडतं. जर्मनीत मे २०११ मध्ये रक्ती जुलाब आणि मूत्रपिंडं निकामी होण्याची साथ आली. ई कोलायचा ओ१०४:एच४ हा प्रकार तिच्या मुळाशी होता. ३,८००हून अधिक लोक आजारी पडले, ५०हून अधिक दगावले. सुरुवातीच्या चौकशीत रुग्णांनी कच्चे टोमॅटो, काकडी, सॅलडची पानं सांगितली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनच्या काकडीचं नाव घेतलं आणि स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल कुजला. काकडी निर्दोष होती. खरा दोषी होता मोड आलेल्या दाण्यांचा चिमूटभर शिडकावा. तो सॅलडवर सजावटीसाठी पडतो, म्हणून खाणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. फक्त पाव हिस्सा रुग्णांना तो आठवला. मग रॉबर्ट कोख संस्थेच्या लोकांनी आठवणीचा नाद सोडला. एका रेस्टॉरंटमध्ये जेवून गेलेले गट शोधले, कुणी काय मागवलं ते बिलांवरून आणि फोटोंवरून काढलं, आणि कोणत्या पदार्थात काय काय घालता हे थेट आचाऱ्याला विचारलं. आजारी पडलेल्या प्रत्येकाचा आजार मोडांशी जुळला. धागा लोअर सॅक्सनीतल्या एका शेतापर्यंत गेला आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. रुग्णाला काय आठवतं एवढ्यावरच विसंबू नका, आचाऱ्याला विचारा, वाण्याची वही बघा: ही या साथीनं तपासाच्या पद्धतीला दिलेली सर्वांत उपयोगी देणगी. आपल्या लग्नसराईतल्या विषबाधांच्या तपासात आचाऱ्याला पोलीस शोधतात, पण त्याचा जबाब रोगतपासाच्या कागदात क्वचितच येतो.

जॉन स्नो आणि लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप ही कॉलऱ्याच्या साथीची गोष्ट १८५४ ची, आता शाळकरी मुलांनाही माहीत असलेली, म्हणून तिच्यातली एकच बाजू सांगतो. स्नोनं मेलेल्यांइतकंच न मेलेल्यांना महत्त्व दिलं. पंपाशेजारच्या दारूभट्टीत सत्तरएक कामगार होते, एकही गेला नाही. ते तिथली बिअर पीत. गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ माणसं होती, त्यांत फक्त पाच मृत्यू झाले. त्यांची विहीर वेगळी होती. घाईत तपास करणारं पथक आजाऱ्यांभोवतीच घुटमळतं आणि निरोगी शेजाऱ्याला वगळतं. पण मुझफ्फरपूरची तो आजार नसलेली ती १०४ मुलं नसती तर लिचीचा दोष ठरवताच आला नसता, कारण हंगामात लिची सगळीच मुलं खातात. ब्रॉड स्ट्रीटला ज्या बाळापासून पंपाचं पाणी दूषित झालं, ते बाळ हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याला सापडलं. तो त्या गल्लीत रोज घरोघर जाणारा माणूस होता आणि बायका त्याच्याशी बोलत.

हे बोलणं बंद झालं की काय होतं, ते पुण्याला कुणी सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मार्चपासून पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजिर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले. रुग्ण शोधणं हा उद्देश वैद्यकीयच होता. पण देवघरात बूट, बायकांची अंगतपासणी, सामानाची होळी आणि आजाऱ्याला ओढून नेणं हा मार्ग. लोकांनी रुग्ण लपवले, मयत रातोरात आणि घरातच पुरले. नोंदीतला प्लेग घरातल्या प्लेगपेक्षा कितीतरी लहान झाला. मुंबईत तर खरा आकडा समजण्यासाठी आठवड्याचे एकूण मृत्यू नेहमीच्या आठवड्याशी ताडून पाहावे लागत. २२ जून १८९७ ची, रँडवर झाडलेली चापेकरांची गोळी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षीची दुसरी घटना या विषयाला अधिक जवळची आहे. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या अत्याचारांबद्दल जाहीर विधान केलं. परत आल्यावर पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव द्यायला तयार होईना आणि गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. जिथं आजाराची माहिती द्यायची भीती असते, तिथं छळाची माहिती द्यायचीही भीती असते. दोन्ही नोंदी कोऱ्याच राहतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६ च्या इबोला साथीत हेच पुन्हा घडलं. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया मिळून २८,६०० च्या आसपास रुग्ण आणि ११,३०० हून अधिक मृत्यू. रुग्णाच्या प्रत्येक संपर्काला एकवीस दिवस रोज भेटून ताप विचारायचा होता. त्यासाठी संपर्कांची नावं हवीत, आणि नाव सांगणं म्हणजे शेजाऱ्याला तंबूत धाडणं, जिथून माणसं परत येत नाहीत, अशी लोकांची खात्री झालेली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात जनजागृतीला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी ठार मारलं. पुढे चित्र बदललं ते गावातलेच लोक चौकशीला घेतल्यावर, दफनविधीत घरच्यांना मानानं सामील करून घेतल्यावर, आणि उपचार केंद्रातून बरी झालेली माणसं चालत घरी आलेली दिसल्यावर.

त्या केंद्रांतल्या कागदाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. संसर्गाच्या लाल विभागात गेलेला कागद बाहेर आणता येत नसे. आत डॉक्टर घामानं निथळणाऱ्या पोशाखात तासभर टिकायचा, चष्म्यावर वाफ, हातात दोन थर मोजे. केस पेपरवर लिहिलेलं तो कुंपणापाशी येऊन ओरडून सांगायचा आणि बाहेरचा सहकारी पुन्हा लिहून घ्यायचा. नाडीचे ठोके, तापमान, मुलाचं नाव, सगळं दोन मीटर अंतरावरून, मुखवट्यातून. त्यात नावांची स्पेलिंगं बदलली, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या, प्रयोगशाळेचा अहवाल एका नावानं आणि खाट दुसऱ्या नावाची. अखेर एमएसएफ या वैद्यकीय मदतसंस्थेनं गूगलच्या तंत्रज्ञांबरोबर क्लोरीनच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक करता येईल असा टॅबलेट तयार करवला. आपल्याकडे कुणी डिजिटल आरोग्याच्या घोषणा करू लागलं की मला तो टॅबलेट आठवतो. काम करणाऱ्याच्या हातात मोजे आहेत, उजेड कमी आहे, रेंज नाही, हे धरून ज्याची रचना झाली तेच साधन साथीत टिकतं.

कुणाला संपर्क म्हणायचं, हेही ठिकाण पाहून ठरवावं लागतं. धारावीत पहिला कोविड रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. नियमाप्रमाणे घरातले, शेजारचे, बरोबर काम करणारे असे संपर्क लिहायचे. पण दहा बाय दहाच्या खोल्यांत राहणारे बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालय वापरतात. सकाळच्या रांगेत कोण कुणाच्या पुढे होतं हे कोणत्या रकान्यात लिहायचं? महापालिकेनं वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं जात होते. ताप तपासणी गल्लीत नेली आणि विलगीकरणात जेवणाची सोय केली. माहिती देणाऱ्याला बदल्यात काहीतरी मिळत होतं. माझ्या मते धारावीच्या यशाची निम्मी चर्चा जेवणाच्या त्या डब्यांवर व्हायला हवी.

मृत्यूंची मोजणी मात्र साथ जोरात असताना सर्वांत आधी कोलमडते. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या कोविड आकड्यात एका दिवसात १,३२८ जुने मृत्यू जोडले गेले. त्यांतले ८६२ मुंबईचे. रुग्णालयांकडून उशिरा आलेले कागद, समितीपुढे अडकलेली प्रकरणं आणि न जुळलेल्या याद्या यांत आठवडेच्या आठवडे गेले होते. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली गेली, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतरत्र सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. रोजच्या बातमीपत्रातला आकडा आणि प्रत्यक्ष यांच्यात किती अंतर होतं ते तिथं कळलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात दोन वर्षांत सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला, सरकारी नोंद त्या काळात पाच लाखांच्या आत होती. केंद्रानं तो अंदाज नाकारला. मृत्यूची नोंद आणि कारणाचा दाखला वेळेवर, पूर्ण आणि सगळ्यांना पाहता येईल असा प्रसिद्ध होत असता, तर अंदाजावर भांडायची वेळच आली नसती.

जपून ठेवलेला नमुना हीही माहितीच. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना अनोळखी ताप आणि मेंदूसूज झाली. बहुतेकांना ती रुग्णालयातच लागली. त्या वेळी कारण कळलं नाही. साठवलेल्या नमुन्यांवर नंतर काम झालं आणि तो निपा होता, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मे २०१८ मध्ये कोळिकोडला एकाच घरातल्या दुसऱ्या तरुणाला तसाच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी ताबडतोब निपाचा संशय घेतला, मणिपालच्या प्रयोगशाळेत आणि मग पुण्याच्या विषाणू संस्थेत तो पक्का झाला. पहिला भाऊ तोवर गेला होता. त्याच्यापासून कुणाकुणाला लागण झाली याचा माग काढताना पथकानं सरकारी रुग्णालयातलं सीसीटीव्हीचं चित्रणही पाहिलं. रेडिओलॉजी विभागाबाहेरच्या बोळात ताटकळलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं त्यातून जोडली गेली. कुणाच्याही आठवणीत ती भेट नव्हती.

नमुना कुणाचा, हा प्रश्न देशांमध्येही पेटला आहे. २००७ मध्ये इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे विषाणू जागतिक प्रयोगशाळांना द्यायला नकार दिला: आमच्या रुग्णांच्या नमुन्यांतून लस बनते आणि ती आम्हालाच परवडत नाही. त्या भांडणातून २०११ चा जागतिक करार निघाला. कोविडचा जनुकक्रम चिनी शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या गटानं ११ जानेवारी २०२० ला खुला केला. त्यावरून जगभर तपासणी किट आणि लसी तयार होऊ लागल्या. इंडोनेशियाचं म्हणणं आणि झांग यांची कृती, दोन्ही मला पटतात. माहिती तत्काळ सगळ्यांना मिळावी, आणि ज्या व्यक्तीच्या शरीरातून ती आली तिला लस मिळावी.

हाच न्याय शेगावच्या किंवा दोडामार्गच्या माणसालाही लावायला हवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडताप आला. त्याआधी गोव्यात सत्तरीला तो दिसला होता. गोचिडीतून पसरणारा, काजूच्या हंगामात बागेत वावरणाऱ्यांना गाठणारा हा आजार माणसाआधी माकडांना मारतो. जंगलात मेलेलं माकड ही आठवडाभर आधी मिळालेली सूचना असते. ते माकड पहिल्यांदा गुराख्याला किंवा काजू वेचणाऱ्या बाईला दिसतं. कळवायचं वन खात्याला, तपासायचं पशुसंवर्धननं, आणि गरज आरोग्य खात्याला. तीन कचेऱ्यांच्या मध्ये ते माकड कुजू नये एवढ्यासाठी गावपातळीवर एकच नंबर हवा, आणि कळवणाऱ्याला ‘तुमच्या माकडात आजार निघाला, या बागेत आठ दिवस जाऊ नका’ असं उलट उत्तर यायला हवं.

१९९४ मध्ये बीडच्या मामला गावात पिसवांची तक्रार आधी आली, गाठीचा प्लेग मग आणि पाठोपाठ सुरतेची घबराट. त्यानंतर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्यसेविकेचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी फॉर्म, प्रयोगशाळेचा एल फॉर्म, दर आठवड्याला. २०२१ पासून देशभर ते काम आयएचआयपी या पोर्टलवर गेलं. सांगाडा चांगला आहे. पण गावातला माणूस आजारी पडल्यावर आधी खाजगी डॉक्टरकडे जातो आणि तिथून पी फॉर्म फार कमी येतो. प्रत्येक नव्या सर्वेक्षणाचं ओझं आशांवर येतं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’साठी २०२० मध्ये त्यांनी अख्खा महाराष्ट्र दारोदार पालथा घातला. त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामावर ठरतो आणि सर्वेक्षणाचं काम त्यात शेवटी मोजलं जातं. ज्या बाईच्या कानावर राज्याची साथ-यंत्रणा उभी आहे तिला कायम पगार नाही, ही उघड विसंगती आहे आणि ती माहितीच्या दर्जात उतरते.

गोपनीयतेचं तर आपण फार हलकं धरलं. कोविडच्या पहिल्या महिन्यांत रुग्णांची नाव-पत्त्यांसह यादी गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती, दारांवर फलक लागत होते. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश नसेल तर असे फलक लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, तोवर पहिली लाट ओसरली होती. साथीच्या तपासाला संशोधनासारखी महिनोन्‌महिन्यांची मंजुरी लागू नये हे बरोबर. आयसीएमआरच्या २०१७ च्या तत्त्वांत तातडीच्या परीक्षणाची सोयही आहे. पण घाई आहे म्हणून नाव उघडं पाडायची सूट त्यातून मिळत नाही. लाइन लिस्टमध्ये नावाऐवजी क्रमांक, नाव-क्रमांकाची वही एकाच माणसाकडे, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायला बंदी: यासाठी नवा कायदा लागत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्याचं एक परिपत्रक पुरतं.

त्याच परिपत्रकाला जोडून आणखी काही कागद आधीच तयार ठेवता येतात. जुलाब, ताप, कावीळ, विषबाधा आणि ‘कारण अज्ञात’ अशा पाच प्रश्नावल्या, मराठीत, आणि जिथं कोरकू, गोंडी, भिली बोलतात तिथं त्या भाषांत, आशांबरोबर बसून लिहिलेल्या. पाणी, अन्न, रेशन, जनावरं, प्रवास आणि काल रात्रीचं जेवण प्रत्येकीत. गावच्या बाजाराचा वार आणि सणांची यादी मागच्या पानावर. निर्जंतुक बाटल्या, बर्फाचा डबा, तो जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कोण नेणार त्या माणसाचं नाव. तालुक्यातल्या सगळ्या खाजगी दवाखान्यांचे फोन. आणि तपास संपल्यावर ग्रामसभेत काय सापडलं ते सांगायची तारीख, पथक गावातून निघण्याआधी ठरलेली. विदर्भ-मराठवाड्यात पहिला पाऊस जूनच्या मध्याला येतो. हे सगळं मेअखेर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असायला हवं.